चार आवाज सुटे ऐकू येईपर्यंत: मोझार्ट आणि हायडनचं चर्चसंगीत कसं ऐकावं

आपले कान एका ओळीवर वाढलेले असतात. अभंग असो, नाट्यगीत असो की बडा ख्याल, गाणारा एक आणि चालही एक. पेटी तिच्या मागून येते, तबला तिला धरून ठेवतो, तानपुरा खालचा सा सोडत नाही. आरतीला पन्नास माणसं जमली तरी पन्नासही जण तीच चाल म्हणतात. असा कान घेऊन युरोपातल्या चर्चसंगीतासमोर बसलं की सगळ्यात वरचा आवाज तेवढा पकडला जातो आणि बाकीचं सगळं मागचा गलका होऊन जातं.

माझं कित्येक वर्षं हेच होत होतं. पुण्यात एका कॉयरमध्ये, म्हणजे गायकवृंदात, मला आल्टोत, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजात उभं केलं. पहिल्या चार तालमींत मी आमची ओळ सोडून नकळत सोप्रानोंच्या, म्हणजे बायकांच्या वरच्या आवाजाच्या, चालीवर जायचे आणि शेजारची बाई कोपराने हळूच खूण करायची. पाचव्या तालमीत एकदाची आमची ओळ हातात राहिली. तोवर शेकडो वेळा ऐकलेली ती रचना मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आली. या संगीताचा जीव मधल्या दोन आवाजांत आहे, आल्टो आणि टेनरमध्ये, म्हणजे पुरुषांच्या वरच्या आवाजात. ते दोन सुटे ऐकू यायला लागले की पुढचं आपोआप उलगडतं. खाली लिहिलंय ते सगळं त्या एका गोष्टीसाठी.

रोज अर्धा तास दिला तर साधारण महिन्याभराचं काम आहे. सामान थोडकंच लागतं: बरे हेडफोन, छापून घेतलेले शब्द, पेन्सिल, आणि जमल्यास पेटी किंवा छोटा कीबोर्ड. नोटेशन येत नसलं तरी अडत नाही, सरगमवर बरंच भागतं. मी फक्त अठराव्या शतकाच्या शेवटच्या वीसेक वर्षांबद्दल आणि दोनच संगीतकारांबद्दल, मोझार्ट आणि हायडनबद्दल, लिहिते आहे. बाख या त्यांच्या आधीच्या संगीतकारापासून सुरुवात करा असं पुष्कळ जण सांगतात, पण नव्या कानाला तिथे चारही आवाज एकदम अंगावर येतात. मोझार्ट आणि हायडन वाट जास्त मोकळी ठेवतात.

पहिली पायरी: तीन मिनिटांची एकच रचना धरा

सुरुवात मोझार्टच्या ‘आवे वेरुम कॉर्पुस’पासून करा. के. ६१८ हा तिचा क्रमांक. शोधताना तो घातला की नेमकी तीच सापडते. एकूण ४६ मापं, म्हणजे तालाचे समान तुकडे, सुमारे तीन मिनिटं. चार आवाज, व्हायोलिन-व्हायोलासारखी तंतुवाद्यं आणि ऑर्गन, एवढाच संसार.

तारीख आहे १७ जून १७९१. मोझार्टची बायको कॉन्स्टान्झ गरोदर होती आणि व्हिएन्नाजवळच्या बाडेन गावी गरम पाण्याच्या झऱ्यांवर तब्येतीसाठी राहत होती. तिथल्या चर्चच्या कॉयरचा प्रमुख आंटोन श्टोल हा मोझार्टचा स्नेही. तिच्या राहण्याची सोय बघण्याचं कामही मोझार्टने त्याच्यावरच सोपवलं होतं. ही रचना त्याच्यासाठी लिहिली गेली. म्हणजे दरबारासाठी नव्हे, गावातल्या कॉयरसाठी. म्हणूनच ती साध्या गळ्यांना झेपते, आणि म्हणूनच शिकायला बरी. यानंतर सहा महिन्यांच्या आत, ५ डिसेंबरला, मोझार्ट गेला.

हस्तलिखितात गाण्याबद्दल जवळजवळ काहीच सूचना नाहीत. संथ लयीची खूण आहे आणि सुरुवातीला ‘सोत्तो वोचे’ हे शब्द आहेत, म्हणजे दबक्या आवाजात. जी रेकॉर्डिंग्ज मधेच मोठ्याने ओरडतात ती बाजूला ठेवा.

दुसरी पायरी: गाणं लावण्याआधी शब्द म्हणा

ही पायरी कुणालाही टाळावीशी वाटते. टाळू नका. शब्द न कळता तुकारामांचा अभंग ऐकला तर चाल आवडेल, पण अभंग हाती लागणार नाही. इथेही तसंच आहे. हे शब्द कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या:

आवे, आवे वेरुम कॉर्पुस, नातुम दे मारिया विर्जिने,
वेरे पास्सुम, इम्मोलातुम इन क्रूचे प्रो ओमिने,
कुयुस लातुस पेर्फोरातुम, उन्दा फ्लुक्सित एत सांग्विने,
एस्तो नोबिस प्रेगुस्तातुम इन मोर्तिस एक्झामिने.

अर्थ असा: कुमारी मारियेपोटी जन्मलेल्या खऱ्या देहा, तुला वंदन. तू खरोखर यातना सोसल्यास, माणसासाठी क्रुसावर तुझा बळी गेला. तुझी कूस भेदली गेली आणि तिच्यातून पाणी आणि रक्त वाहिलं. मरणाच्या कसोटीच्या घटकेला तुझी चव आम्ही आधीच चाखलेली असो.

शेवटची ओळ नीट वाचा. मिस्सेत, म्हणजे कॅथलिक चर्चच्या मुख्य उपासनेत, भाविकाला मिळणारी भाकर म्हणजे ख्रिस्ताचा देह, ही श्रद्धा तिच्यामागे आहे. रचना लिहिली गेली ती त्याच देहाच्या सणासाठी. वसईतल्या मराठी ख्रिस्ती घरांत वाढलेल्यांना हे वेगळं समजवावं लागणार नाही. बाकीच्यांनी एवढं लक्षात ठेवलं की ‘प्रेगुस्तातुम’ या शब्दावर आवाज का रेंगाळतात ते कळतं.

उच्चाराबाबत मराठी माणसाला मोठी सोय आहे. चर्चच्या लॅटिनमधले स्वर आपल्या आ, ए, ई, ओ, ऊ सारखे स्वच्छ आहेत. वर दिलेले उच्चार इटालियन पद्धतीचे. जर्मन आणि ऑस्ट्रियन कॉयर ‘क्रूचे’ला ‘क्रूत्से’ आणि ‘विर्जिने’ला ‘विर्गिने’ म्हणतात. चूक कुणाचीच नाही.

शब्द दहा वेळा लयीत म्हणा. आवाज लावायचा नाही, नुसते म्हणायचे.

तिसरी पायरी: सा शोधा, आणि तो सुटला की सोडून द्या

रचना डी मेजरमध्ये आहे. आपल्या भाषेत सा पांढरी दोनचा आणि स्वर बिलावल थाटाचे. पेटीवर पांढरी दोन दाबून रेकॉर्डिंग लावा; जुळेल. नाही जुळलं तर ते रेकॉर्डिंग बहुधा जुन्या काळच्या वाद्यांवरचं आहे. ती वाद्यं आजच्या पट्टीपेक्षा किंचित खाली लावतात, पेटीच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांत जेवढं अंतर असतं त्याच्या निम्म्याहून थोडं कमी. तुमची पेटी बिघडलेली नाही.

आता सोप्रानोची पहिली ओळ सरगममध्ये म्हणा. पहिल्या दोन ‘आवे’ मिळून स्वर येतात ते असे: प, सां, ग, मग पुन्हा प, तीव्र म, शुद्ध म. दोन्ही मध्यम पाठोपाठ! ललत ऐकलेल्या माणसाचा कान इथे टवकारतोच. राग तो नाही, वातावरणही वेगळं आहे, ललतात तर पंचमही नसतो. पण तीव्र मध्यमावरून शुद्ध मध्यमावर उतरताना पोटात जे हलतं, ते आपल्या ओळखीचं आहे. मोझार्टने ही जागा अगदी दुसऱ्याच हाकेला ठेवली आहे. नमस्कार पूर्ण व्हायच्या आत आवाज किंचित झुकतो. तेवढे सहा स्वर पेटीवर वीस वेळा वाजवा, मग रेकॉर्डिंग ऐका.

इथे एक सावधानता. तानपुऱ्याचं ॲप लावून ऐकायचा मोह होतो. मीही केलं होतं. दहा-बारा मापं छान जातं आणि मग सगळं बेसूर वाटायला लागतं, कारण या संगीतात सा स्थिर नसतो. ‘प्रो ओमिने’पर्यंत येता येता तो पांढरी दोनवरून पांढरी सहावर गेलेला असतो. ‘कुयुस लातुस’पासून पुढे, जिथे कूस भेदल्याची गोष्ट येते, तिथे तो पांढरी चारकडे सरकतो, म्हणजे मूळ सा धरला तर कोमल गंधारावर. उजेड बदलल्यासारखं वाटतं ते त्यामुळे. ‘एस्तो नोबिस’पासून परतीची वाट सुरू होते आणि शेवट पुन्हा पांढरी दोनवर.

तर तानपुरा बंद करा आणि पेटीवर फक्त तो तो सा हळूच दाबत रचना ऐका: दोन, सहा, चार, दोन. ठिकाणं चुकली तरी हरकत नाही. तीन-चार दिवसांत सा हलल्याचं बोटांच्या आधी कानाला कळायला लागतं. पुढच्या सगळ्या ऐकण्याचा पाया हाच आहे.

चौथी पायरी: एका वेळी एकच आवाज

आता खरं काम. क्रम महत्त्वाचा आहे: आधी बेस, मग टेनर, मग आल्टो, आणि सोप्रानो अगदी शेवटी. वरची चाल तशीही ऐकू येणारच आहे, तिला मुद्दाम मागे ठेवायचं.

बेस म्हणजे पुरुषांचा खालचा आवाज. तो पकडायला सोपा, कारण तो सगळ्यात तळाशी आहे आणि चेलोसारखी वाद्यंही तिथेच चालतात. दोन दिवस नुसता त्याच्या मागे जा, गुणगुणा, बाईमाणसाने सप्तक वर घेऊन गुणगुणलं तरी चालेल. घराचा पाया कुठे आहे ते कळलं की मधल्या खोल्या सापडतात.

टेनर आणि आल्टो नुसत्या कानाने पहिल्या झटक्यात सापडत नाहीत. मदत घ्यावी लागते. सीपीडीएल नावाच्या संकेतस्थळावर वृंदगानाच्या हजारो रचनांची नोटेशन फुकट मिळतात आणि पुष्कळांबरोबर संगणकाने वाजवलेली फाइलही असते. आयएमएसएलपीवर जुन्या छापील प्रती आहेत. मोझार्टच्या समग्र संगीताची संपादित आवृत्ती साल्झबुर्गच्या मोझार्टेउमने इंटरनेटवर मोफत खुली केली आहे. यूट्यूबवरही ‘आवे वेरुम’च्या सरावफिती आहेत, ज्यांत एक आवाज मोठा आणि बाकीचे तीन बारीक ठेवलेले असतात. आल्टोची फीत घ्या. ती ऐकताना ही चाल कंटाळवाणी वाटेल, कारण एका स्वरावर बराच वेळ बसायचं, मग एक पायरी वर, एक खाली. तरी पाठ करा. मग मूळ रेकॉर्डिंग लावा आणि पाठ केलेली ओळ मनात म्हणत राहा. दोन-तीनदा सोप्रानो ओढून नेईल. चौथ्यांदा केव्हातरी आपण मनात म्हणत असलेला स्वर आणि कॉयरमधून येणारा स्वर एक होतील. हा क्षण सांगून कळत नाही, पण आला की शंका राहत नाही.

मग ‘एस्तो नोबिस’ला या. तोवर चारही आवाज शब्द जवळजवळ एकाच वेळी उच्चारत होते. इथे मोझार्ट त्यांना दोन जोड्यांत फोडतो: सोप्रानो-आल्टो आधी निघतात, टेनर-बेस एका मापाने मागून तेच म्हणत येतात. वारीत पुढच्या दिंडीतला अभंग मागच्या दिंडीत जरा उशिराने उमटावा, तसं. इतका वेळ एकत्र उभी असलेली माणसं मरणाची गोष्ट निघाल्यावर एकामागून एक बोलू लागतात. ‘इन मोर्तिस’ दुसऱ्यांदा येतं तेव्हा ‘मोर्तिस’ लांबत जातं. तिथे फक्त आल्टो ऐका.

या एका रचनेवर दहा दिवस गेले तरी ते वाया गेलेले नसतात.

पाचवी पायरी: मिस्सेचा आराखडा पाठ करा

आता मोठ्या रचनांकडे. कॅथलिक मिस्सेतले पाच भाग संगीतकारांनी शतकानुशतकं पुन्हा पुन्हा बांधले: किरिये, ग्लोरिया, क्रेदो, सांक्तुस, आन्युस देई. पहिल्यातले शब्द ग्रीक, ‘प्रभू, दया कर’, बाकी लॅटिन. ग्लोरिया स्तुती, क्रेदो श्रद्धेची घोषणा, सांक्तुस ‘पवित्र, पवित्र, पवित्र’, आणि आन्युस देई म्हणजे ‘देवाच्या कोकरा’, शेवटी शांतीची मागणी करणारं. बंदिशीत अस्थाई-अंतरा ठाऊक असला की नवा गायकही परका वाटत नाही, तसंच हे. आराखडा एकदा डोक्यात बसला की कुठल्याही संगीतकाराची मिस्सा लावा, आपण कुठे आहोत ते कळतं.

गोव्यात हिला मीस म्हणतात. तिथल्या पॅरिश शाळांनी पोर्तुगीज काळात मुलांना व्हायोलिन आणि स्वरलेखन शिकवलं ते याच गायन-वादनासाठी. तिथून निघालेली माणसं पुढे मुंबईच्या सिनेमा ऑर्केस्ट्रांत बसली. १९६० च्या दशकात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना स्थानिक भाषांत आली, म्हणून वसईत आज मिस्सा मराठीत होते आणि लॅटिन रचना बहुतेक करून मैफलीत ऐकायला मिळतात.

सरावाला मोझार्टची ‘राज्याभिषेक मिस्सा’ घ्या, के. ३१७, साल १७७९. ती सुमारे पंचवीस मिनिटांत संपते. तेव्हा तो साल्झबुर्गच्या आर्चबिशपच्या नोकरीत होता. १७७६ च्या एका पत्रात त्याने लिहिलं आहे की तिथे अख्खी उपासना पाऊण तासापेक्षा लांबलेली चालत नाही. त्या बंधनाचा परिणाम ऐकू येतो: ग्लोरिया आणि क्रेदोमध्ये शब्द भराभर जातात, आणि वेळ वाचवून तो सगळा आन्युस देईच्या सोप्रानो एकलगायनावर खर्च केलेला आहे.

तिच्यानंतर हायडनची १७९८ ची ‘नेल्सन मिस्सा’. त्याने स्वतः तिला दिलेलं नाव ‘संकटकाळातली मिस्सा’. हायडन ज्याच्या पदरी होता त्या एस्टरहाझी राजपुत्राने फुंकवाद्यं वाजवणाऱ्यांना नुकतंच कमी केलं होतं, म्हणून हायडनच्या हाती उरले ट्रम्पेट, टिंपानी नगारे, तंतुवाद्यं आणि ऑर्गन. बासऱ्या-ओबोंचा गोडवा नाही. किरिये सुरू होताच तो कोरडा, टणक आवाज अंगावर येतो. तिचा क्रेदो मात्र आपल्या कामाचा. सोप्रानो आणि टेनर एक ओळ घेऊन निघतात, आल्टो आणि बेस एका मापाने मागून तीच ओळ वेगळ्या स्वरावरून घेतात आणि पूर्ण पहिला भाग असाच चालतो. ‘एस्तो नोबिस’मध्ये काही मापं जे ऐकलं तेच इथे लांबलचक, खणखणीत आवाजात. मागून येणाऱ्या जोडीला धरून ठेवा. पुढची जोडी ओढून नेते, पण तिथून परत यायचं.

सहावी पायरी: रेक्विएम, चार संध्याकाळी

मोझार्टचं रेक्विएम, के. ६२६, डी मायनर. मृतांसाठीची मिस्सा. यात ग्लोरिया आणि क्रेदो नसतात. त्यांच्या जागी चिरविश्रांतीची प्रार्थना आणि शेवटच्या न्यायाच्या दिवसाचं लांब वर्णन येतं. साधारण पन्नास-पंचावन्न मिनिटांचं आहे. एका बैठकीत ऐकू नका, निदान पहिल्यांदा नको.

पार्श्वभूमी थोडक्यात. काउंट वालसेग नावाच्या सरदाराची तरुण पत्नी फेब्रुवारी १७९१ मध्ये वारली. त्याने मध्यस्थामार्फत, नाव लपवून हे काम मोझार्टला दिलं. इतरांकडून लिहून घेऊन स्वतःच्या नावावर संगीत वाजवायची त्याला हौस होती, आणि १७९३ मध्ये हेही त्याने तसंच वाजवलं. विषप्रयोगाच्या कथा सोडून द्या. काम अर्धं राहिलं आणि मोझार्ट गेला. बाकीचे पैसे मिळावेत म्हणून कॉन्स्टान्झला ते कुणाकडून तरी पुरं करून घेणं भाग होतं. आयब्लर नावाच्या संगीतकाराने थोडं केलं आणि सोडलं, शेवटी मोझार्टच्या हाताखाली काम केलेल्या झ्युसमायरने पूर्ण केलं.

पहिल्या संध्याकाळी फक्त सुरुवात आणि किरिये. यात बासऱ्या नाहीत, ओबो नाहीत, फ्रेंच हॉर्नही नाहीत. बासेट हॉर्न नावाची क्लॅरिनेटच्या कुळातली खर्जाकडे झुकलेली वाद्यं आणि ‘बसून’ (bassoon) नावाची फुंकवाद्यं एकमेकांत गुंतत येतात. सात मापं तसंच, मग ट्रोम्बोन्सचा ठोक, आणि कॉयर तळातून वर येतो: बेस, टेनर, आल्टो, सोप्रानो. एवढा वेळ केलेल्या सरावाचं फळ इथे मिळतं, चौघेही एकेक करून दारातून आत येताना ऐकू येतात.

किरियेमध्ये दोन विषय एकदम चालतात. बेस ‘किरिये’ म्हणत निघतात: प, कोमल ग, कोमल ध, आणि तिथून थेट खालच्या शुद्ध नीवर उडी, मग सा. कीरवाणीचे स्वर, पण एवढी मोठी उडी आपण सहसा घेत नाही. पेटीवर वाजवून बघा. लगेच आल्टो ‘क्रिस्ते’ घेऊन धावतात. मग सोप्रानोंकडे पहिला विषय, टेनरकडे दुसरा. दोन्ही एकदम धरायला जाऊ नका. पहिल्यांदा फक्त ती उडी मोजा, कुठल्या आवाजात कितव्यांदा आली ते. दुसऱ्यांदा फक्त ‘क्रिस्ते’ची धाव. कागदावर पेन्सिलीने खुणा करा.

शेवटचा स्वरसंघ ऐका. इतक्या गुंत्यानंतर उरतात ते फक्त सा आणि प. गंधार नाही, त्यामुळे आनंदाचं की दुःखाचं ते ठरत नाही. ती नुसती तानपुऱ्याची जोडी आहे. मला अजूनही दर वेळी इथे थांबावंसं वाटतं. थांबाच, प्लेअर पुढच्या भागावर आपोआप जातो, ते बंद करून ठेवा.

दुसऱ्या संध्याकाळी ‘दिएस इरे’पासून ‘रेकोर्दारे’पर्यंत. ‘दिएस इरे’ म्हणजे कोपाचा दिवस; तिथे सगळे एकदम तुटून पडतात आणि सुटं काही ऐकायचं नसतं. पुढे ट्रोम्बोन एकटा बोलतो आणि चार एकलगायक खालून वर रांगेत येतात. ‘रेकोर्दारे’त तेच चौघे एकमेकांना जागा देत गातात. सुटे आवाज ऐकायला यासारखी दुसरी जागा नाही, कारण इथे प्रत्येक ओळीला एकेकच गळा आहे.

तिसरी संध्याकाळ ‘कोन्फुतातिस’ आणि ‘लाक्रिमोसा’. खाली पुरुष ज्वाळांची भाषा करतात, वर बायका दबक्या आवाजात ‘वोका मे’ म्हणतात, मला बोलाव. शेवटी सगळे मिळून ‘ओरो सुप्लेक्स’ घेतात आणि तिथे प्रत्येक ओळीबरोबर सा खाली खाली घसरतो. तिसऱ्या पायरीचा सराव झाला असेल तर पायाखालची जमीन सरकल्यासारखं होतं.

‘लाक्रिमोसा’ तीन-तीनच्या झोक्यात आहे, फार संथ दादऱ्यासारखं. दोन मापं व्हायोलिन उसासे टाकतात, मग शब्द येतात. ‘क्वा रेसुर्जेत’पासून सोप्रानो पायरीपायरीने वर चढतात, अक्षरा-अक्षरांत विराम घेत, राखेतून उठणाऱ्या माणसाचं वर्णन करत, आणि ‘ओमो रेउस’वर, म्हणजे अपराधी माणूस या शब्दांवर, माथ्यावर पोचतात. मोझार्टच्या हातचं ‘लाक्रिमोसा’ तिथे संपतं. आठ मापं. पुढचं झ्युसमायरचं. घड्याळ घेऊन ती जागा शोधा आणि तिथे एकदा बंद करा. दुसऱ्या दिवशी पुढे ऐका. मला पुढचं आवडतं. पण ती रेघ कुठे आहे ते माहीत असायला हवं.

चौथ्या संध्याकाळी उरलेलं. ‘दोमिने येसू’ आणि ‘ओस्तियास’मध्ये आवाज आणि बेसची ओळ मोझार्टची, वाद्यांची भर नंतरची. सांक्तुस, बेनेदिक्तुस आणि आन्युस देईची मोझार्टची हस्तलिखितं उपलब्ध नाहीत, ते झ्युसमायरचं काम. सांक्तुस मला उथळ वाटतं. शेवटच्या भागात पहिल्या संध्याकाळचंच संगीत नव्या शब्दांवर परत येतं आणि पुन्हा त्याच सा-प वर थांबतं.

सातवी पायरी: एकच तुकडा, तीन रेकॉर्डिंग्ज

संचालक कार्ल ब्योम यांचं १९७१ चं, व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबरचं रेक्विएम तासाच्या पुढे जातं. मोठा कॉयर, दाट आवाज. जॉन एलियट गार्डिनर यांचं १९८० च्या दशकातलं मॉन्टेव्हर्डी कॉयरचं रेकॉर्डिंग जुन्या वाद्यांवरचं, कॉयर लहान आणि प्रत्येक ओळ कापून काढल्यासारखी स्पष्ट. ख्रिस्तोफर हॉगवुड यांच्या रेकॉर्डिंगमध्ये वरचे आवाज मुलांचे आहेत, आणि झ्युसमायरचे सांक्तुस-बेनेदिक्तुस मुळातच गाळले आहेत. पूर्ण रचना तीनदा ऐकायची गरज नाही. ‘लाक्रिमोसा’ची आठ मापं आणि किरियेची पहिली वीस मापं तिन्हींत ऐका. आल्टो कुठे सगळ्यात स्वच्छ ऐकू आली त्याची नोंद करा आणि शिकत असेपर्यंत तेच रेकॉर्डिंग वापरा. ब्योम नंतर, पोट भरून ऐकायला.

गायचं असेल तर

ऐकण्यापेक्षा गाण्याने दहापट लवकर कळतं. मुंबईत परांजोती अकॅडमी कोरससारखे जुने कॉयर आहेत, पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीत शिकवतात, आणि पुण्या-मुंबईत हौशी गट बनत असतात. बहुतेक ठिकाणी धर्म विचारत नाहीत, आवाजाचा पल्ला तपासतात.

आपल्याकडे शिकलेल्या गळ्याला दोन सवयी बाजूला ठेवाव्या लागतात. एक म्हणजे मींड आणि कण. स्वरावर थेट उतरायचं. शेजारचे दहा जण तिथे सरळ पोचलेले असताना आपण घसरत गेलो तर सगळी ओळ मळते. दुसरी, आपला आवाज ओळखू यावा ही इच्छा. दहा आल्टोंचा मिळून एक गळा व्हायचा असतो. त्यासाठी आ सगळ्यांचा सारखाच उघडावा लागतो, आणि ‘कॉर्पुस’मधला शेवटचा स एकाच मात्रेवर पडावा लागतो, नाहीतर फुगा हवा सोडत गेल्यासारखं ऐकू येतं. आमच्या प्रतींवर प्रत्येक अंत्य व्यंजनापाशी पेन्सिलीने मात्रेचा आकडा लिहिलेला असतो. लांब ओळीत सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नाही. शेजारणीशी ठरवून आळीपाळीने घ्यायचा, शब्दाच्या मधोमध आणि आवाज बारीक करत, म्हणजे सांधा कळत नाही.

पाठांतर मात्र आपल्या पद्धतीनेच करा. ओळ सरगममध्ये लिहा, जिथे सा बदलतो तिथे नवा सा घालून लिहा, आणि शेजारी कुणालातरी सोप्रानोची चाल मोठ्याने गायला सांगून आपली ओळ टिकते का ते बघा. टिकली की तालमीला जा.

प्रत्यक्ष ऐकायला जाताना

नरिमन पॉइंटच्या एनसीपीएत सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून आहे आणि त्यांच्या हंगामात कॉयरबरोबरच्या रचनाही येतात. गोव्यात नाताळ आणि ईस्टरच्या आधीचे आठवडे पाहत राहा. सभागृहात मधल्या रांगांत बसा, कारण पुढे बसलं तर वाद्यांमागे उभ्या असलेल्या कॉयरचे शब्द हरवतात. जुन्या चर्चमध्ये उलट, जरा पुढे सरका, तिथे घुमारा इतका असतो की मागच्या बाकांवर किरियेची धाव एकमेकांत मिसळून जाते. शब्दांचा कागद बरोबर न्या. भागांच्या मधे टाळ्या वाजवत नाहीत. रेक्विएम असेल तर शेवटचे सा-प विरून संचालकाचे हात खाली येईपर्यंत थांबा. आणि तेवढ्या वेळात डोळे मिटून बघा, पंचम कोणत्या आवाजात आहे ते कळतंय का.